तीन उसळ्या

आषाढातला शनिवार होता. संध्याकाळपासून पाऊस कौलांवर असा कोसळत होता की पडवीतून कोणी हाक मारली असती तर मधल्या खोलीत ऐकू आली नसती. बायको आणि मुलगी जेवून झोपल्या होत्या. मी कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. स्टुलावर फेणीचा ग्लास, वाटीत सुकटीची किसमूर, समोर जॉयस्टिक, पायांखाली रडरची पेडलं, कानांवर हेडफोन. शनिवारची रात्र म्हणजे माझी उडायची रात्र, हे आमच्या घरात आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. इल-टू स्टर्मोविक या दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवायच्या सिम्युलेटर खेळातला, दक्षिण रशियातल्या कुबानचा नकाशा, १९४३ चा वसंत, लाल तारा रंगवलेली दोन सोव्हिएत स्पिटफायर. एकात मी, दुसऱ्यात माझा रत्नागिरीचा मित्र. साडेबाराच्या सुमाराला मी तळावर परत आलो आणि विमान उतरवलं. ते इतकं अलगद उतरलं की चाकं कधी टेकली ते कळलंच नाही. दुधावर साय धरावी तसं. इतक्या वर्षांत असं लँडिंग मला कधी जमलं नव्हतं. मी ग्लासातला शेवटचा घोट घेतला आणि मित्राला विचारलं, "बघितलंस?" तो म्हणाला, "चल, झोपतो मी," आणि गेला. हेडफोन काढला तसा पावसाचा आवाज एकदम अंगावर आला. अंथरुणावर पडलो तेव्हा खोली हळूहळू उजवीकडे कलत होती आणि मी फार खूश होतो.

सकाळी मोबाईलवर त्याचे दोनच शब्द आले होते. "ट्रॅक बघ."

हा खेळ खेळणाऱ्यांना ट्रॅक म्हणजे काय ते सांगायला नको. तो साधा व्हिडिओ नसतो. कुठलं विमान कुठल्या क्षणी कुठे होतं, नाक कुठे होतं, पंख किती कलला होता, गोळी कुठे लागली, हे सगळं त्यात साठवलेलं असतं. नंतर तेच उड्डाण वरून बघा, जमिनीवर उभं राहून बघा, नाहीतर शत्रूच्या शेपटीमागून बघा. मी रेकॉर्डिंग नेहमी चालू ठेवतो, एखादा झकास प्रसंग घडला तर पुन्हा बघता यावा म्हणून. त्या रविवारीही चहाचा कप घेऊन बसलो तो आपलं लँडिंग बघायच्या हौसेनेच. स्पिटफायरचं नाक लांब असतं. उतरताना समोरची धावपट्टी त्याच्याआड जाते, म्हणून वळत वळत यायचं आणि अगदी शेवटी सरळ व्हायचं, अशी रीत आहे. पडद्यावरचं विमान वळत आलं खरं, पण ते धावपट्टी ओलांडून पलीकडे निघून गेलं, मग कोणी मानगूट धरून ओढावं तसं परत फिरलं. वेग भलताच जास्त होता. चाकं आपटली. विमान पुरुषभर उंच उसळलं, आपटलं, पुन्हा उसळलं. तिसऱ्या उसळीला डावा पंख खाली गेला. या विमानाची चाकं एकमेकांच्या फार जवळ असतात, एकदा तोल गेला की सावरणं कठीण. पंखाचं टोक जमिनीला घासलं आणि विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं, तिथे तिरकं उभं राहिलं. त्या तिरक्या विमानात बसून मी मित्राला विचारलं होतं, बघितलंस?

एवढ्यासाठी तो निरोप पाठवणार नाही असं वाटलं, म्हणून ट्रॅक आणखी मागे नेला. उतरायच्या दहा-बारा मिनिटं आधी आम्ही एका जर्मन मेसरश्मिट विमानाच्या मागे लागलो होतो. ते मला स्वच्छ आठवत होतं: माझ्या गोळ्या त्याला लागल्या आणि त्याच्यामागे पांढरी रेघ निघाली. पांढरी रेघ म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी गळतंय, आता हा फार वेळ टिकत नाही. ट्रॅकमध्ये ती रेघ होती आणि तिच्यामागे मी होतो, सुतात ओवल्यासारखा सरळ. माझ्या डावीकडे, थोडं खाली, मित्राच्या शेपटीला दुसरं मेसरश्मिट लागलं होतं. तो डावीकडे वळला, उजवीकडे वळला. मग माझ्या नाकासमोरून आडवा गेला. हे तो मुद्दाम करत होता, मागच्या शत्रूला माझ्या बंदुकांपुढे आणून देत होता. दोनदा आणून दिलं. मी सरळच. एक मिनिट आणि वर काही सेकंद हे चाललं. मग त्याच्या पंखाचा तुकडा सुटला आणि विमान गिरक्या घेत समुद्रात गेलं. आमचं बोलणं डिस्कॉर्ड नावाच्या वेगळ्या ॲपवर चालतं, ते ट्रॅकमध्ये उतरत नाही. त्यामुळे हे सगळं बिनआवाजी घडत होतं. त्याने मला किती हाका मारल्या असतील ते मी आठवायला लागलो. एकही आठवेना.

तो समुद्रात पडला हेच मला ठाऊक नव्हतं.

मी त्याला फोन केला. रागावला नव्हता तो. "अरे, खेळ आहे," म्हणाला. "चारदा सांगितलं तुला. मग म्हटलं, जाऊदे." पाच मिनिटं पावसाचं बोललो, त्यांच्याकडे मिऱ्याला लाटा बंधाऱ्यावरून येताहेत का ते विचारलं, ठेवला फोन. खेळच आहे. तो दुसऱ्या मिनिटाला दुसरं विमान घेऊन उडू शकत होता. तरी ते मला कुसळासारखं टोचत राहिलं, आणि टोचत होतं ते लँडिंगही नाही आणि मित्राला गमावणंही नाही. ट्रॅक तीन वेळा बघूनही माझ्या डोक्यातलं ते अलगद लँडिंग पुसलं जात नव्हतं. आजही डोळे मिटले तर पेडलांवरचे पाय आठवतात, हातातली काठी हळूच मागे घेतल्याचं आठवतं, मग ते मऊ टेकणं. आठवण खोटी आहे हे मला माहीत आहे. पण ती इतर कुठल्याही खऱ्या आठवणीइतकीच घट्ट आहे, तिच्यावर कुठे खूण नाही.

विमानांचं वेड माझं जुनं. शिरोड्याला वेळागरच्या किनाऱ्यावर आम्ही पोरं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला हात लावायचो, वाट्याला मूठ-दोन मुठी मासळी यायची. ओली दोरी तळव्यांना कापायची, पाय वाळूत रुतायचे, आणि अशात कधीतरी तेरेखोलच्या अंगाने, समुद्रावरून विमान यायचं. आधी नुसतं दिसायचं. आवाज मागून यायचा, आणि आवाजाकडे मान वळवावी तर विमान तिथे नसायचंच, कधीच पुढे गेलेलं असायचं. मग आवाज छातीत शिरायचा. रापणीची मोठी माणसं मान वर करत नसत. त्यांचं लक्ष पाण्याच्या रंगावर. दाबोळीच्या नौदलाच्या तळावरची ती सी हॅरियर होती हे मला फार उशिरा कळलं. १९८३ मध्ये ती गोव्यात आली, २०१६ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे माझं पोरपण, माझं मुंबईला जाणं आणि परत येणं, सगळं त्यांच्या आवाजाखाली झालं. वैमानिक व्हायचं स्वप्न वगैरे मी कोणाला सांगितलं नव्हतं. चष्मा पाचवीतच लागला होता आणि आमच्याकडे असल्या गोष्टी बोलायची पद्धत नव्हती. २००१ मध्ये इल-टू पहिल्यांदा आला तेव्हा मी डोंबिवलीत तिघांत एक खोली घेऊन राहत होतो. एकाच्या कॉम्प्युटरवर आळीपाळीने उडायचो. पहिल्याच रात्री विमान वर काढताना ते डावीकडे ओढ घेऊन आडवं झालं, पंख्याच्या ताकदीने फिरलं, आणि मला त्या पडण्याचाच इतका आनंद झाला की झोप आली नाही. या विमानाला स्वतःचं वजन होतं, ते नुसतं चित्र नव्हतं.

गावी परत आल्यावर मधली काही वर्षं सुटला तो नाद. मग इंटरनेट बरं मिळायला लागलं, आणि २०१८ मध्ये कुबानचा नकाशा आला. काळ्या समुद्राचा तो किनारा पहिल्यांदा बघितला आणि मी उडायचं सोडून नुसता खाली बघत राहिलो. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, त्यांच्या पोटात अरुंद खाड्या, कडेला पांढरी रेघ. लालमातीचा रंग तेवढा नाही. पावसाळी ढग लावून खालून उडालो की मला तो निवती-भोगव्याचा किनाराच वाटतो. खरं सांगायचं तर मी लढायला म्हणून फारसा बसतच नाही. वीस मिनिटं किनाऱ्याकिनाऱ्याने उडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, आणि मग शत्रू आला तर त्याच्याशी दोन हात करतो. त्यात सोबतीला ग्लास हवा, हे कधी ठरलं ते आठवत नाही. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. चैत्र-वैशाखात हुर्राक, एरवी फेणी, लग्नकार्यात आणखी काय काय. आमच्या भागात हे लपवायचं प्रकरण नाही. शनिवारची रात्र, दिवसभराच्या कामाचा शीण, आणि मला वाटायचं, यात कोणाचं काय जातंय? गाडी नाही, रस्ता नाही, समोर माणूस नाही. पडलो तर बटण दाबून परत वर.

माझे बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. ते प्यायचे, आणि चांगले प्यायचे. पण होडी वाळूवर चढवून खाली ओंडके लावल्याशिवाय नाही. आमच्या जुन्या इंजिनाला सुरू करायला सुटी दोरी असायची. चाकाला दोन वेढे द्यायचे आणि ओढायची. मूठ लाकडी, हात लागून लागून काळी झालेली, आणि दोरीला रॉकेलचा, मिठाचा, घामाचा असा एक वास. ज्या संध्याकाळी प्यायला बसायचं असेल त्या संध्याकाळी बाबा ती दोरी गुंडाळून आईच्या हातात द्यायचे. काही बोलायचे नाहीत. आई ती तांदळाच्या पिंपात खोल खुपसून ठेवायची. रात्री कधी वारा चांगला पडला, शेजारच्या होड्या निघाल्या, बाबा उठून फेऱ्या मारायला लागले, तरी आई जागची हलायची नाही, आणि बाबाही तिला मागायचे नाहीत. एकदा दोन खलाशी पिऊन आले म्हणून त्यांनी भरल्या हंगामात होडी परत वाळूवर ओढली. "दारू पिऊन होडयेत पाय ठेवूचो नाय," एवढंच. त्या रात्री बाकीच्यांना बांगडा भरभरून मिळाला होता. घरी त्यावरून बोलणी झाली, मला आठवतंय. लहानपणी मला ती दोरी देणं म्हणजे बाबांचा एक विक्षिप्तपणा वाटायचा. आपण शुद्धीत आहोत की नाही हे माणसाला स्वतःला कळत नाही, कळणारच नाही, हे ते धरून चालले होते. म्हणून प्यायच्या आधी द्यायची दोरी, नंतर नाही.

त्या रविवारनंतर मी बरंच वाचलं. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, द्रवाने भरलेल्या. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि नळीच्या बुडाशी असलेला जेलीसारखा इवलासा पडदा वाकतो. तो वाकला की मेंदू समजतो, आपण वळतोय. पडदा आणि द्रव दोन्ही सारखेच जड, म्हणून नुसतं आडवं पडल्याने पडदा जागचा हलत नाही. दारू मात्र रक्तातून आधी पडद्यात शिरते, द्रवात नंतर. तेवढा वेळ पडदा हलका होऊन तरंगू बघतो आणि मेंदूला सांगत राहतो की आपण फिरतोय, फिरतोय. पिऊन पडल्यावर खोली फिरते ती यामुळे. हे वाचलं आणि मला माझ्या शनिवारांचं कोडं सुटल्यासारखं झालं. घरच्या सिम्युलेटरमध्ये सगळं असतं: आवाज, ढग, काचेवरचं ऊन, जोरात वळलं की काळवंडत जाणारी नजर. फक्त खुर्ची हलत नाही. डोळे सांगतात आपण साठ अंशात कललो आहोत आणि शरीर सांगतं आपण शिरोड्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो आहोत. दोन पेगांनंतर हे भांडण मिटतं. मान जराशी कलली की खुर्ची खरोखर कलते, वळणात पोटात खड्डा पडतो. खेळात जे नव्हतं ते दारू आणून देते. त्या सुखाबद्दल मी खोटं बोलणार नाही. मला खरंच उडाल्यासारखं वाटायचं, आणि वेळागरच्या त्या पोराला ते फार हवं होतं.

आणि सिम्युलेटर मुळात जन्माला आला तो नेमका या वाटण्यावर विश्वास ठेवू नये म्हणून. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन तरुणाचे वडील ऑर्गन बनवत. त्या कारखान्यातले भाते आणि हवेचे पंप वापरून त्याने १९२९ च्या सुमाराला जमिनीवरच डोलणारं, वळणारं छोटं विमान बनवलं. फारसं कोणी विकत घेईना, जत्रेतली करमणूक म्हणून ते चाललं. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सैन्याच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचं काम पडलं. रात्री, ढगांत, बर्फात माणसं मरायला लागली, आणि मग सैन्याने लिंककडून सहा यंत्रं घेतली. ती माणसं अडाणी नव्हती. क्षितिज दिसेनासं झालं की त्यांचं अंग त्यांना सांगायचं, सरळ चाललोयस, आणि विमान गिरकी घेत खाली जात असायचं. लिंकच्या पेटीत झाकण लावून बसवायचे आणि शिकवायचे: अंग काय म्हणतंय ते सोड, काटा काय म्हणतोय ते बघ. आपल्याकडे वैमानिकाला उड्डाणाआधी बारा तास दारू चालत नाही, निघण्यापूर्वी यंत्रात फुंकून दाखवावं लागतं. तिथेही "तुला बरं वाटतंय का" असं विचारून भागवत नाहीत.

दारू आणि लढाऊ विमानं यांचं नातं काही मी लावलेलं नाही. ज्या कुबानवर मी उडतो तिथल्या खऱ्या सैनिकांना सरकारच व्होडका देत असे. ऑगस्ट १९४१ मध्ये तसा हुकूम निघाला, आघाडीवरच्या माणसाला दिवसाला १०० ग्रॅम. त्या थंडीत, त्या मरणात, त्यांना काय हवं होतं ते मी खुर्चीत बसून ठरवू शकत नाही. मला आठवतात ते त्याच महायुद्धातले आपले ब्रह्मदेश सीमेवरचे वैमानिक. सहा नंबरची स्क्वाड्रन, मेहर सिंग तिचे प्रमुख, हरिकेन विमानं. त्यांचं काम शत्रूच्या मुलखावर खालून उडत जायचं आणि फोटो, खबर आणायची. ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याचे डोळे म्हणायचे त्यांना. ते जोडीने जात. पुढच्याची नजर जमिनीवर, आणि मागचा सतत डावी-उजवीकडे नागमोडी उडत आकाश राखायचा. पुढचा मागे बघत नसे, बघायची त्याला मुभाच नव्हती. मागे कोणी आहे आणि तो ओरडेल, या एका भरवशावर तो खाली मान घालून उडायचा. आम्ही दोघंही असंच उडतो. पाळी ठरलेली असते. त्या शनिवारी राखायची पाळी माझी होती.

हे लिहायचं मी टाळत होतो.

तो रविवार सगळा असाच गेला. पाऊस थांबला नव्हता. दुपारपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं: या एका रात्रीचा ट्रॅक होता म्हणून कळलं. ज्यांचा नाही त्या रात्रींचं काय? आणि सगळ्यांत आधी एक रात्र समोर आली, जी मी जपून ठेवली आहे. आठ वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. वेंगुर्ल्याला मावसभावाची वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर आम्ही पुरुष गच्चीवर बसलो होतो, दोन पेग, फार तर तीन. मग स्कूटरवरून शिरोड्याला परत. मागे बायको, आमच्या दोघांच्या मध्ये तीन वर्षांची मुलगी, झोपलेली. चांदणं असं की दिवा लावायची गरज नव्हती. काजूच्या मोहोराचा वास, मोचेमाडच्या घाटीत येणारा गार वारा, मध्येच झाडांतून चमकलेलं पाणी. मी हळू चालवत होतो, गुणगुणत होतो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत सुंदर रात्री मोजायला सांगितल्या तर पहिल्या तिनांत ती येईल. कितीदा सांगितली असेल मी लोकांना ती रात्र. मुलीलासुद्धा सांगितली आहे.

बायको स्वयंपाकघरात खाली बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. वरचं पांढरं टरफल नखाने काढायचं आणि आठळी पातेल्यात टाकायची, टक् आवाज यायचा. मी दारात उभा राहून विचारलं, "त्या रात्री वेंगुर्ल्यासून येताना मी गाडी बरी चालवी होतंय मां?" कुठली रात्र, असं तिने विचारलं नाही. आठ वर्षांत आम्ही शंभरदा वेंगुर्ल्याहून आलो असू.

"कित्याक?" ती म्हणाली.

"असाच."

तिने दोन-तीन आठळ्या सोलल्या. मग खाली बघूनच बोलायला लागली, भाजीचा दर सांगावा तशा आवाजात. घाटीत मी दोनदा रस्त्याच्या पलीकडे गेलो होतो. दुसऱ्यांदा समोरून टेम्पो आला. "तेना हॉर्न मारल्यान. तुमी तेका हात करून जावक सांगितलास." दिवा मी खरंच लावला नव्हता. आणि खाली उतारावर एका जागी गाडी कडेच्या खडीत गेली, घसरली, सावरली, आणि मी मोठ्याने हसलो. टेम्पो मला आठवत नाही. खडी आठवत नाही. ती पुढे म्हणाली, "सकाळी चेडवाक आंघोळ घालताना बघितलंय. तिच्या दंडार माझ्या बोटांचे वळ होते." आणि मला दाखवायला तिने आपलाच डावा दंड उजव्या हाताने धरला. पाचही बोटं रुतली. सोडला तेव्हा तिथे पांढरे ठसे उठले होते, ते हळूहळू परत भरत गेले.

"आठ वर्सा तू बोलूक नाय," मी म्हटलं.

"तुमी इचारलास खंय?" ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तुमी सगळ्यांका चांदण्याचा सांगी होतास."

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. समोर पातेल्यात आठळ्या साठत होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं आणि जे सुचत होतं ते सगळं आठ वर्षं उशिराचं होतं. मुलगी पडवीत दप्तर पसरून अभ्यास करत होती, तिचा पाढे म्हणायचा आवाज पावसातून तुटक तुटक येत होता. आता ती अकरा वर्षांची आहे. शाळेत जाताना स्कूटरवर माझ्यामागे बसते आणि पूर्ण वेळ बडबडत असते, मला धरतसुद्धा नाही.

जरा वेळाने बायकोने पातेलं चुलीवर चढवलं, हात पदराला पुसले आणि विचारलं, "सकाळधरना ता काय बघतास?" मी तिला मधल्या खोलीत नेलं. ती या खुर्चीजवळ सहसा येत नाही. मी ट्रॅक लावला आणि पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, हा मी, हा रत्नागिरीचा, आणि हा त्याच्या मागे लागलेला. ती उभ्यानेच बघत राहिली. मित्राचं विमान डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं, माझ्यासमोरून आडवं गेलं. एकदा. दुसऱ्यांदा. आवाज नव्हता, फक्त कौलांवरचा पाऊस. ते समुद्रात पडलं तरी ती काही बोलली नाही.

"ह्यो तुमका हाक मारी होतो?" तिने विचारलं.

"चारदा."

तिने मान हलवली. "मी पण मारी होतंय," ती म्हणाली, आणि चुलीवर आठळ्या उकळायला लागल्या होत्या म्हणून आत गेली. पडद्यावर ट्रॅक चालूच होता. खाली पाण्यावर पांढरं वर्तुळ पसरत होतं, आणि माझं विमान त्या पांढऱ्या रेघेमागे अजून सरळ चाललं होतं.